बाबांच्या गल्ल्यातले कलदार अन् ऑनलाइन लिलाव

नाणी विकून लखपती झालेला माणूस मी तरी आमच्या दारव्हा तालुक्यात पाहिला नाही, हे पहिलेच सांगून टाकतो. काहून की मी जुनी नाणी ऑनलाइन विकून राहिलो हे गावात कळलं तेव्हापासून निम्मं गाव मला त्याच नजरेनं पाहून राहिलं होतं. पानठेल्यावर उभा राहिलो की कोणीतरी विचारणारच, 'किती आले भाऊ, पन्नासेक लाख तं आले असतीन?' मोबाइलवर ते व्हिडिओ फिरतात ना, वैष्णोदेवीचं पाचचं नाणं द्या अन् दहा लाख घ्या, ट्रॅक्टरवाली पाचची नोट असली तं घरबसल्या दोन लाख, ते पाहून पाहून लोकांनी घरातले डबे उपडे करून ठेवले. वैष्णोदेवीचं नाणं सरकारनं चलनात वापरायलाच काढलं, किराण्यात सुट्ट्या पैशात अजूनही हातात येतं, त्याचे दहा लाख कोण देईन राजेहो.

आमच्याकडे नाणी जमली ती दुकानामुळं. आजोबानं गावात किराणा टाकला तेव्हा आणे-पैसे चालायचे, मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले अन् काही वर्षं दोन्ही सोबत चालले, आण्याचे सहा नवे पैसे धरायचे अन् वरचा पाव पैसा कोणाच्या खिशात जायचा ते देवाला माहीत. चलनातून बाद होत गेलं ते ते बाबा गल्ल्यातून काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकत गेले. ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, पै, चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे, ते पिवळंजर्द कमळवालं वीस पैसे. चांदीचे रुपये, म्हणजे कलदार, मात्र बहुतेक १९७२ च्या दुष्काळातले. ज्वारी न्यायला पैसे नसले की बाया माळेतला एखादा कलदार तोडून आणायच्या, बाबा त्याच्यावर धान्य द्यायचे, काहींनी नंतर सोडवून नेला, काहींचा राहिला. बाबा याच्यावर जास्त बोलत नाहीत अन् मीही खोदून विचारत नाही.

विकायचं त्यांनीच काढलं. म्हणाले, 'माह्या मांगं तुम्ही भाऊ-भाऊ वाटून घेसान अन् सोनाराकडे टाकसान, त्यापक्षा ज्याले कदर हाये त्याले दे.' मला नाण्यांचा नाद कॉलेजपासून, त्यामुळं काम माझ्याच गळ्यात पडलं. पुण्याच्या पुतण्यानं ॲप वगैरे लावून दिले, बाकी सगळं इथंच गावात बसून केलं.

तरी आधी सोनाराकडे गेलो, भाव तं कळायला पाहिजे. त्यानं अठ्ठावीसच्या अठ्ठावीस नाणी एका हातानं काट्यावर ओतली, साल पाहिलं नाही, छापावर व्हिक्टोरिया राणी की राजा ते पाहिलं नाही, फक्त जॉर्ज सहाव्याचे १९४० नंतरचे तेवढे बोटानं बाजूला सारले. ते त्याला बरोबर कळते, काहून की लढाईच्या दिवसांत सरकारनं रुपयातली चांदी निम्मी केली, आधीच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असायची अन् १९४० पासून ५० टक्के. वजन दोन्हीचं एकच, ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. जुने लोक कलदार टाकूनच तोळा मोजायचे, असे ऐंशी तोळे म्हणजे एक शेर. तं सोनार म्हणाला, जुन्याचे आठशे, हलक्याचे चारशे, सरसकट. २०२४ चा उन्हाळा होता, चांदी किलोला नव्वद हजाराच्या आसपास, मी मोबाइलवर गुणाकार केला तं जुन्या रुपयात साडेनऊशेच्या वर निव्वळ चांदी निघत होती. सगळे मिळून तो एकोणीस हजार दोनशे देत होता. त्याला नाव ठेवत नाही, त्याला वितळवायचंच होतं. पण एक खालची रेघ भेटली, याच्याखाली विकायचं नाही.

मग घरी नाणी लावायला बसलो तं दोन ढीग आपोआप पडले. एक देवघरातला अन् एक गल्ल्याच्या डब्यातला. देवघरातले बारा रुपये म्हणजे आईचा जीव की प्राण, दर लक्ष्मीपूजनाला चिंच अन् राख लावून घासायचे, नंतर नंतर पितांबरी, मग हळद-कुंकू वाहून पाटावर मांडायचे. पन्नास दिवाळ्या घासून ते आरशासारखे चकाकत होते, राणीच्या गालाचा उंचवटा पार सपाट, केसांच्या बटा गुळगुळीत. अन् अक्षरांच्या फटीत मात्र कुंकू असं बसलं होतं की सुईनंही निघत नव्हतं. डब्यातल्या नाण्यांना कोणी हात लावला नव्हता. ते काळे पडलेले, कडेला निळसर-जांभळट झाक, पाहणाऱ्याला वाटावं जळकं लोखंड आहे.

गावात जो तो देवघरातल्या ढिगाकडेच बोट दाखवे. चुलतभाऊ म्हणे, 'हे काळे आधी उजळून घे, तसेच दाखोशीन तं कोणी हात लावनार नाही.' पण नाणी जमवणारा माणूस उलटा असते. त्याला ती काळी साय पाहिजे असते, काहून की तिच्याखाली टाकसाळीतून निघालेला मूळ पत्रा जसाच्या तसा शाबूत असते. घासलेल्याला लिलावाच्या कॅटलॉगमध्ये सरळ 'क्लीन्ड' असं लिहून टाकतात अन् तिथंच भाव पडला. म्हणून काळ्यांना मी फक्त साध्या पाण्यातून काढलं अन् सुती कापडावर वाळू दिलं, पुसलंसुद्धा नाही.

भिंग लावून एकेक पाहायला रात्री बसायचो, जेवणं झाल्यावर, बाबा बाजूला. त्यांना मोतीबिंदूमुळं दिसत नाही, पण बोटानं चाचपून सांगत, 'हा राणीछाप.' राणीछापातही दोन आहेत, आधीची क्वीन अन् १८७७ पासूनची एम्प्रेस, अक्षरंच बदलली. त्यातल्या एका क्वीनवर साल १८६२. आता १८६२ हे साल फसवं आहे, पुढची दहा-बारा वर्षं टाकसाळी तेच साल छापत राहिल्या, मुंबईच्या टाकसाळीनं मग आपल्या खुणेसाठी उलट्या बाजूला सालाजवळ बारीक ठिपके टाकले. आमच्या काळ्या रुपयाला ते ठिपके होते. सुईच्या टोकाएवढे, दोन वेळा वाटलं घाण आहे, मग उजेड तिरपा धरला तेव्हा प्रत्येकाची इवलीशी सावली पडली. घासलेल्या बारांमध्येही एक १८६२ होता, त्याच्यावर त्या जागी काहीच नव्हतं, असलं तरी चिंचेनं खाल्लं असेन.

दुसरा आनंद १९११ च्या पंचम जॉर्जचा. त्याला नाणेवाले डुकराचा रुपया म्हणतात. राजाच्या अंगरख्यावर छातीशी हत्तीचं चित्र आहे, त्याची सोंड अन् सुळा इतके आखूड काढले की लोकांना ते डुक्कर वाटलं, मुसलमान समाजातून ओरड झाली अन् सरकारनं तो रुपया मागं घेतला. १९१२ पासून सोंड लांब करून नवा साचा आला. मी १९११ अन् १९१३ शेजारी ठेवून बाबांना समजावून सांगतलं तं ते हसले, 'म्हंजे सरकारनं डुकराचा हत्ती केला.' पण या रुपयाच्या वरच्या कडेला डाग होता, माळेत ओवायला कधीतरी कडी झाळून लावली होती अन् नंतर तोडली. भिंगाखाली झाळ पसरलेली स्पष्ट दिसे. अशा नाण्याचा भाव निम्म्यावर येते, डुक्कर असो की हत्ती.

एक रुपया ओबडधोबड, जाड, फारसी लिपीतली अक्षरं अर्धी कडेबाहेर गेलेली. बाबा त्याला मोगलाई म्हणायचे. तो निघाला नागपूरकर भोसल्यांचा. भोसल्यांनी रुपये पाडले ते मोगल बादशाहाच्या नावानंच, राज्य मराठ्यांचं अन् नाण्यावर नाव दिल्लीचं, तेव्हाची रीतच तशी होती. साचा मोठा अन् चांदीची चकती लहान, म्हणून अर्धाच मजकूर उमटे. नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, अशी नाणी पाहिली होती म्हणून ओळखू आला.

मधेच एक भानगड झाली. शेजारच्या आवारातला एक जण, नाव सांगत नाही, धुऱ्यावर वखरताना भेटलेली चार-पाच बारकी नाणी घेऊन आला, मातीनं माखलेली, शिशासारखी. 'हेही तुह्यासंगं लाऊन दे, आर्धे आर्धे करू.' मी हातही लावला नाही. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांच्या वर किमतीचं असलं तं कलेक्टरला कळवावं लागते, १८७८ चा कायदा आहे तो अन् अजून चालू आहे. आपल्या भागात सातवाहनांची नाणी निघतात, मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये मोठा साठा सापडला होता, इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्याच्यावर लिहिलं, कोणी परस्पर सोनाराला दिला असता तं ते राजे कोण होते हेही कळलं नसतं. हे सगळं मी त्याला सांगतलं तं तो म्हणाला, 'मले राजे नोको सांगू, घ्याचं हाये का नाही थे सांग.' नाही म्हटलं. आता बोलत नाही माझ्याशी.

दुसरा एक गावातूनच हनुमानछाप घेऊन आला, १८१८, ईस्ट इंडिया कंपनी, खाली यू के एल अशी अक्षरं. याला कोणीतरी तीन लाख सांगतले होते. कंपनीनं असं नाणं पाडलंच नाही, ही अलीकडं देवाच्या नावावर पाडलेली टोकनं आहेत, जत्रेत विकतात. हाच माणूस मला म्हणे की हे तांदूळ ओढते का पाहू. राइस पुलरचं नाव ऐकलं असेन तुम्ही, तांदूळ ओढणारं नाणं, नासावाले करोडो देतात म्हणतात, त्याच्यापायी लोकांनी शेतं विकली, पोलिसात केसेस आहेत. मी त्याच्यासमोर १९४७ चा वाघवाला रुपया घेतला अन् चुंबक लावलं, टचकन चिकटला, कारण तो निकेलचा आहे. म्हटलं हे बघ, हे चुंबकाला चिकटते अन् याचे दीडशे रुपये येतात.

फोटोचं काम सगळ्यात वेळखाऊ. ओट्यावर सकाळचं ऊन येते तिथं पांढरं धोतर बांधून सावली केली, नाणं पांढऱ्या कागदावर, उजेड एका बाजूनं, मोबाइलला शंभर रुपयांची चिमट्याची भिंग. सरळ वरून उजेड पडला की चांदी पांढरीफटक दिसते अन् अक्षर उठत नाही. समोरून एक, मागून एक, कडेचा एक अन् वजनकाट्यावरचा एक. कडेचा काहून म्हणाल तं चाळीसनंतरच्या रुपयाची कड वेगळी, खोटं पाडणाऱ्यांना जमू नये म्हणून सरकारनं दातऱ्यांच्या मधून खाच फिरवली, घेणारा तीच आधी पाहते. कडीचा डाग, कुंकू, घासलेलं, सगळं फोटोत दाखवलं अन् लिहिलंही. एका माणसानं विचारलं, 'अक्षरात लाल काय आहे, गंज का?' चांदीला गंज कुठून येणार. लक्ष्मीपूजनाचं कुंकू आहे म्हणून कळवलं, तं त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं अन् बोली काही लावली नाही.

विकायच्या जागा दोन धरल्या. स्वस्तातला माल मोबाइलवरच्या नाणेवाल्यांच्या ग्रुपमध्ये, अन् चांदी एका लिलाववाल्या फर्मकडं, ते कॅटलॉग काढून ऑनलाइन बोली लावतात. पूर्वी ईबे इंडिया होतं, २०१८ मध्ये बंद पडलं. परदेशात विकायची सोय असली तरी शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं बंदी आहे, म्हणजे आमचा निम्मा डबा तिथंच बाद. एका जुन्या वस्तूंच्या ॲपवरही फोटो टाकून पाहिले, तिथं गिऱ्हाईक एक आलं नाही, भामटे मात्र रांगेनं आले. एकजण दोन रुपयाच्या साध्या नाण्याला साडेतीन लाख देत होता, फक्त रिझर्व्ह बँकेची फी म्हणून दोन हजार एकशे पन्नास आधी टाका म्हणे. हिंदीतून बोले, ओळखपत्राचा फोटोही पाठवला, त्याच्यावर गोल शिक्का. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर करून ठेवलं आहे की आम्ही जुन्या नाण्यांच्या धंद्यात नाही, कसली फी नाही, कमिशन नाही. दुसरा म्हणे, क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतीन. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही हे आता आमच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही माहीत आहे.

ग्रुपमधला लिलाव मजेशीर. संध्याकाळी फोटो टाकायचा, खाली लिहायचं, बेस दहा रुपये, वाढ पाच-पाचनं, नऊला बंद, नऊनंतरची बोली बाद, पोस्ट खर्च घेणाऱ्याचा. पावणेनऊपर्यंत सगळे चूप. मग शेवटच्या दोन मिनिटांत पाच-सात जण तुटून पडतात. अन् आमच्याकडं नेमकी साडेआठला लाइन जायची, टॉवरही बसायचा, मग मी माळवदावर चढून हात वर करून नेटवर्क शोधून राहिलो, खालून बायको टॉर्च दाखवून म्हणते, 'पडसान अन् त्याच्याच्यानं दवाखान्याले लागतीन पाच हजार.' ॲल्युमिनियमची शंभर नाणी दोनशे वीसला गेली. भोकाचे पैसे दहा-बारा रुपयांना एक. ते १९४३ ते ४७ या काळातले, लढाईत तांबं वाचवायला मधून भोक पाडलं. आमच्याकडं लेकरांच्या करदोड्यात ओवायचे ते, म्हणून काहींचं भोक झिजून लांबट झालेलं. ग्रुपमधल्या पोट्ट्यांना ते झिजलेले नको होते, एका बाईनं मात्र तेवढेच निवडून घेतले.

सगळ्यात जोरात गेली चारमिनारची नाणी. निजामाची. आमच्याकडं कशी आली तं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच होता, १८५३ ला इंग्रजांकडं गेला अन् १९०२ ला कायमच्या भाडेपट्ट्यानं, पण पैनगंगेपलीकडं माहूर-किनवट १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात. माहूरची जत्रा, बैलबाजार, लग्नसंबंध, नाणी इकडं येणारच. चारमिनारच्या मधल्या दारात एक फारसी अक्षर असते, मीम असलं तं महबूब अली खान, ऐन असलं तं उस्मान अली खान. मी तसं लिहून टाकलं तं नांदेडच्या एका माणसानं सगळीच्या सगळी घेतली, प्रत्येकी साठ-सत्तरनं. बाकीच्यांनी टाकलेल्या फोटोत नुसतं 'जुनं निजाम कॉइन' लिहिलेलं असते अन् तीच नाणी वीसला पडून राहतात.

लिलाववाल्यांचा माणूस नागपूरला प्रदर्शनाला आला होता तेव्हा त्याच्या हातात चांदी दिली. आधार, पॅन, कॅन्सल चेक, अन् प्रत्येक नाण्याचं वजन अन् फोटो असलेली यादी, दोन्हीकडं सह्या. यादी मी घरूनच करून नेली होती, त्यानं आधी कंटाळा केला, मग म्हणाला बरं झालं. विकणाऱ्याकडून दहा टक्के कमिशन. घासलेले बारा त्यानं चार-चारचे तीन लॉट केले, चाळीसनंतरचे आठ एका लॉटमध्ये, बाकी सुटे. शिवराईंचा एक लॉट मीच आग्रहानं लावला, तांब्याच्या दुदांडी, म्हणजे मधे दोन आडव्या रेघा असलेल्या शिवराया, एका बाजूला श्री राजा शिव अन् दुसऱ्या बाजूला छत्रपति, गुळगुळीत झालेल्या.

लिलावाच्या दिवशी बाबांना बाजूला घेऊन बसलो. पुतण्या पुण्याहून फोनवर. स्क्रीनवर लॉट येते, खाली आकडा वाढते, कोण बोली लावून राहिलं ते दिसत नाही, नुसते नंबर. घासलेले तीन लॉट साधारण त्रेचाळीसशेच्या आसपास एकेक, म्हणजे नाण्याला हजार-अकराशे, चांदीच्या वर थोडेसे. डुकराचा रुपया पंधराशेवर अडला. पुतण्या म्हणे, 'काका, कडी नसती तं चार हजार कुठं गेले नव्हते.' काळे एडवर्ड अन् जॉर्ज एकेक सोळाशेच्या आगेमागे. भोसल्यांच्या रुपयावर दोघं भिडले अन् तो चोवीसशेला गेला. शिवराईंना बोलीच आली नाही, बाबांना ते लागलं. 'महाराजाच्या नावाचं अन् कोणी इचारत नाही?' मी म्हटलं बाबा, लाखांनी पाडल्या होत्या, घरोघरी आहेत, अन् या झिजलेल्या.

मग १८६२ चा आला. दोन हजारावर बोली सुरू, अडीच, तीन, तिथं थांबली, मला वाटलं झालं. घड्याळ संपत आलं की एक नंबर उठे अन् वेळ पुन्हा वाढे, त्यांच्याकडं शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढवतात. साडेतीन, चार, पाच. बाबा विचारून राहिले, 'कोन्ता हाये थो? चमकनारा?' म्हटलं नाही, काळा. सात हजार दोनशेला तुटला. आई आतून आली अन् म्हणाली, 'मंग मी काय एवढे वर्सं उगाच घासत होती?' तिला काय सांगायचं, तिनं पूजेसाठी घासले होते, विकायला थोडीच.

एकूण झाले साडेछत्तीस हजार, कमिशन जाऊन बत्तीस हजार साडेआठशे. त्यातही पैसे मिरगाच्या आधी देतो म्हणाले होते, बियाण्याच्या हिशोबात धरले होते मी, अन् ते आले डवरणी सुरू झाल्यावर. घेणाऱ्यानं पैसे दिले की तुम्हाला देतो असं कागदावर बारीक अक्षरात होतं, तारीख कुठंच नव्हती. तोंडी तारीख सांगणारा माणूस नंतर फोन उचलत नव्हता. बियाणं मग उधारीवर उचललं. पैसे पूर्ण आले हे खरं, पण दुसऱ्या कोणाला द्यायचं असेन तं तारीख कागदावर लिहून मागा, नाही लिहिली तं नाणी उचलून आणा.

ग्रुपवरचा माल मी स्वतः पोस्टानं पाठवला. नाण्याला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिकटपट्टी, पण नाण्याला पट्टी लागू द्यायची नाही, मग तो पुठ्ठा पुस्तकाच्या कव्हरात, हलवलं तं आवाज नाही आला पाहिजे. पोस्टमास्तर म्हणाले नाणं पाठवायचं तं विमा काढा, काढला. एक पाकीट वापस आलं, घेणाऱ्यानं पिनकोड चुकीचा दिला होता. प्लास्टिकच्या मऊ पिशवीत मात्र नाणी ठेवूच नका, वर्ष-दोन वर्षांत तांब्याला हिरवा चिकट लेप येते अन् तो निघत नाही, बाजारात मिळणारे निम्मे अल्बम तसलेच आहेत.

देवघरातले बारा गेले म्हणून आईनं एक मात्र मागून ठेवला होता आधीच, तो तेरावा, यादीत घेतलाच नाही. शिवराया वापस आल्या, त्या बाबांनी आपल्या उशाखालच्या चंचीत टाकल्या.

नांदेडवाला अजून सोडत नाही. त्याला मीमवालं अजून एक पाहिजे, डब्याच्या बुडाशी एक सापडलं तं त्यानं दाराचा जवळून फोटो मागितला अन् पोस्टाच्या खर्चात सूट. मी बाबांना विचारलं, जुना गिऱ्हाईक आहे, देऊ का सूट? बाबांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं, त्यांनी एका झटक्यात सांगतलं, 'नाण्यात पाच कमी कर, पोस्टाचे आधी घे.'